भिंत झाकू नकोस, ट्यूब बंद कर

या आठवड्याचं पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. घर जुनं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सासूबाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होताहेत. कार्यालय नको, घरीच करा, असं त्यांचं म्हणणं. चाळीसेक माणसं येतील. अडचण अशी की सोप्यातल्या दर्शनी भिंतीला २०१९ च्या पुरापासून ओल आहे. दोनदा रंग दिला, दोनदा पोपडे आले. कमरेएवढ्या उंचीपर्यंत भिंत नुसती सोलल्यासारखी दिसते, आणि नेमकी त्याच भिंतीवर वर ट्यूब आहे. दिवाळीला पुण्याच्या नणंदबाई आल्या होत्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'वॉलपेपर लावून टाक ना गं, पाच मिनिटांचं काम.' त्या भिंतीवर मामंजींनी पुराचं पाणी कुठवर आलं त्याची पेन्सिलने रेघ मारून तारीख घातली आहे. ते आता नाहीत. पुरात अल्बमही गेले, नऊ फोटो वाचले. माझ्या मनात आहे की वॉलपेपर लावावा किंवा वरून पैठणी सोडावी आणि पुढे फुग्यांची कमान करावी. खायला काय करू तेही सांगा. मुलाच्या मुंजीला मी दिवसभर पुऱ्या तळत होते. हे म्हणतात सगळं बाहेरून मागवू. सासूबाईंना विचारलं की 'काही करू नका गं' एवढंच. खर्च आठ-नऊ हजारांत बसवायचा आहे. – गावभागातली एक सून."

सूनबाई, अगं-तुगं करते, चालवून घे. पत्रावरून तू माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची वाटतेस.

वॉलपेपर आणला नसशील तर आणू नकोस. आणला असशील तर पावती शोध आणि परत कर. हे मी अनुभवाने सांगते. आमच्या बाहेरच्या खोलीला २००५ च्या पुरानंतर अशीच ओल धरली होती. थोरलीचा साखरपुडा ठरला आणि मी हौसेने त्या भिंतीवर कागद चिकटवला, फिकट पिवळ्यावर बारीक वेलबुट्टी. दोन दिवस भिंत अशी काही दिसली की येता-जाता मीच बघत राहायचे. तिसऱ्या दिवशी व्याही येऊन बसले, हातात चहा, आणि त्यांच्या डोक्यामागे कागदाला एक फुगा आला. मग वरचा कोपरा सुटला आणि सगळा पट्टा हळूच, अगदी अदबीने, त्यांच्या खांद्यावर येऊन टेकला. मागून वास आला तो वेगळाच. व्याही सज्जन माणूस. म्हणाले, "वेल छान आहे." सोयरीक टिकली, कागद नाही टिकला.

भिंतीचं दुखणं असं आहे. पुराचं पाणी उतरतं, पण त्यातले क्षार भिंतीत राहून जातात. पावसाळ्यात ते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि पाऊस संपून भिंत सुकायला लागली की पांढऱ्या पिठासारखे बाहेर पडतात. त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. जुन्या घरांना जमिनीतूनही ओल चढते, ती वेगळीच. अशा भिंतीवर प्लास्टिक पेंट किंवा कागद बसला की आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही, मग ती त्या रंगालाच ढकलून देते. दोनदा पोपडे आले त्यात रंगाऱ्याचा दोष नाही, डब्यातल्या रंगाचा आहे. आणि पैठणीचं म्हणशील तर ओलीजवळ जर काळी पडते. ती पेटीतच बरी.

खात्री करून घ्यायची असेल तर एक सोपी गोष्ट कर. वहीच्या पानाएवढा प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेव, चारही कडा टेपने बंद कर आणि दोन दिवसांनी बघ. दव भिंतीच्या बाजूला जमलं असेल तर ओल आतली आहे. खोलीच्या बाजूला जमलं असेल तर नुसती हवा कोंडते आहे, खिडक्या उघड्या ठेवल्या तरी पुष्कळ फरक पडेल.

मुळापासून दुरुस्ती म्हणजे कमरेपर्यंतचा गिलावा पाडून पुन्हा करायचा. ते एप्रिल-मेचं काम. कार्याच्या तोंडावर घरात गवंडी घेऊ नकोस, पाहुणे येतील तेव्हा सोप्यात वाळूचा ढीग असेल.

आत्ता हातात तीन आठवडे आहेत, त्यात एवढं होतं. सुटलेले पोपडे पत्र्याच्या पट्टीने काढ, मग भिंत कोरड्या ब्रशने घासून घे. तोंडाला रुमाल बांध. ओल्या फडक्याने पुसायचा मोह होईल, पण पुसू नकोस, लोणा पाण्यात विरघळतो आणि पुन्हा आत शिरतो. आता महत्त्वाचं. जिथे जिथे खराब आहे तेवढंच खरवडून थांबू नकोस. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मामंजींच्या रेघेच्या चार बोटं खाली, दोरी धरून एक सरळ रेषा आख आणि त्या रेषेखालचा सगळा जुना रंग काढून टाक. कारण चुना प्लास्टिक पेंटवर धरत नाही. मग त्या पट्ट्याला चुना द्यायचा, त्यात काव, म्हणजे रंगाची तांबडी माती, मिसळून. आपल्याकडच्या जुन्या घरांना खाली तांबूस पट्टा असायचा, तू पाहिला असशील. वेडावाकडा डाग लगेच डोळ्यात भरतो. सरळ पट्टा कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि आला तरी मुद्दाम केलाय असंच वाटतं.

चुना विरलेलाच आण. कळीचा चुना घरी विरवायला जाऊ नकोस, तो उकळतो, उडतो, डोळ्यात गेला तर कार्य बाजूला राहील. रात्रभर पाण्यात भिजव, सकाळी फडक्यातून गाळ, ताकाएवढा पातळ कर, वाटीभर डिंकाचं पाणी घाल. काव चमचा-चमचाने घाल, कारण ओला असताना रंग गडद दिसतो आणि वाळला की निम्म्याने फिका पडतो. आधी एका विटेवर लावून वाळवून बघ. लावताना भिंतीवर पाण्याचा हलका हबका मारावा लागतो, नाहीतर चुना पीठ होऊन हाताला येतो. (घासताना पाणी नको, लावताना थोडं हवं, गोंधळू नकोस.) पातळ दोन हात, मध्ये एक दिवस सोडून. पहिला हात दिल्यावर काहीच झालं नाही असं वाटेल. घाबरू नकोस, वाळल्यावर उठतो. हा चुना ओलीला कोंडत नाही. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा हात मारावा लागेल, पण सोलून पडणार नाही.

आणि ती पेन्सिलची रेघ? तिला हात लावू नकोस. नणंदबाईंना काय वाटेल ते वाटू दे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि धोक्याची पातळी आहे ४५. येणाऱ्या पाहुण्यांपैकी निम्म्यांच्या घरात अशी एखादी रेघ असेल. आले की आधी तिथेच जातील, "आमच्याकडे याच्याही वर हातभर होतं," म्हणतील आणि पहिली पंधरा मिनिटं कुणाला काही सजावट लागणारच नाही.

आता ट्यूब. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. भिंतीवरच, छताला लागून ट्यूब असली की तिचा उजेड त्याच भिंतीवरून सरळ खाली घसरतो. मग प्रत्येक फुगवट्याखाली, प्रत्येक पोपड्याखाली सावली पडते. दिवसा जी भिंत बरी दिसते ती रात्री रोग्यासारखी दिसते ती यामुळे. पत्र वाचून झालं की आजच रात्री करून बघ, ती ट्यूब बंद कर आणि समोरच्या भिंतीवरचा दिवा लाव. निम्मा डाग तिथल्या तिथे जाईल, एक पैसा न खर्चता. समारंभाच्या दिवशी पिवळसर उजेडाचे दोन-तीन बल्ब लाव. खोक्यावर २७०० किंवा ३००० आकडा असतो ते. ६५०० लिहिलेला पांढराफटक असतो, त्यात माणसं आजारी दिसतात आणि श्रीखंडही चुन्यासारखं. दिवाळीच्या माळा माळ्यावर असतीलच, त्या खांबांना गुंडाळ, ओलीच्या भिंतीवर वायर नेऊ नकोस.

भिंतीचं आणखी एक. सगळे जण सजावट करायची म्हटलं की डागापासून सुरुवात करतात. मी म्हणते, सासूबाई कुठे बसणार तिथून सुरुवात कर. गावभागातल्या जुन्या घरात झोपाळा नाही असं सहसा होत नाही. तुमच्याकडे असेल तर प्रश्नच मिटला, त्या झोपाळ्यावर बसतील. नसेल तर लाकडी आरामखुर्ची, ओलीच्या भिंतीच्या बरोबर समोर. म्हणजे सगळ्या खुर्च्यांचं तोंड सासूबाईंकडे आणि पाठ डागाकडे! खुर्च्या भिंतीपासून वीतभर पुढे ठेव, नाहीतर पाहुण्यांच्या साड्यांना चुना लागेल आणि तो मात्र सगळ्यांच्या लक्षात राहील. खिडकी सासूबाईंच्या पाठीमागे येऊ देऊ नकोस, फोटोत चेहरा काळा येतो.

झोपाळ्याला झेंडू. शनिवारी संध्याकाळी मंडईतून चार किलो आण, निम्मा केशरी, निम्मा पिवळा. मध्येमध्ये आंब्याची पानं घालून जाड दोऱ्यात ओव आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव, फ्रीज नको. झोपाळ्याच्या कड्यांना तेलकट काळं असतं, ते आधी रॉकेलच्या नाहीतर खोबरेल तेलाच्या फडक्याने पुसून कोरडं कर, कारण ते साडीला लागलं की निघत नाही. आणि माळ वरून खाली आणताना हाताच्या उंचीला दीड फूट कडी मोकळी सोड. पंच्याहत्तर वर्षांची बाई झोपाळ्यावर बसताना कडी धरते. तिथे झेंडू असला तर चुरगळतो, हात पिवळा होतो आणि पकड निसटते. हे मला आमच्या आईच्या वेळी कळलं. सुदैवाने मागे मी उभी होते.

एवढीच सजावट. दारात रांगोळी, उंबऱ्याला तोरण, घरात पितळी घंगाळ असेल तर चिंच-मीठ लावून लखलखीत घास, लगेच कोरडं पूस आणि पाणी भरून वर उरलेली फुलं सोड. फुग्यांची कमान राहू दे. ती उभी करायला तीन तास लागतात आणि दुपारच्या उन्हात एकेक फुगा असा फुटतो की म्हातारी माणसं दचकतात. मुलांना वीस फुगे दे, ती त्यांचं बघून घेतील. थर्माकोलचे आकडे-बिकडे आणू नकोस, त्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि तसंही ते वाईट दिसतात.

फोटोंचं मात्र मनावर घे. अल्बम पुरात गेले म्हणतेस, पण लग्नातला तोच फोटो तेव्हा पाच घरांत गेलेला असतो. नणंदबाईंना फोन कर. भांडायला नाही, काम सांगायला. "वन्सं, तुमच्याकडे आणि मामांकडे आईंचे जुने फोटो असतील ते गोळा करा, मोबाईलवर पाठवा." मोबाईलने फोटो काढताना खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, काचेतून बाहेर काढून घ्यायला सांग. पंचवीस-तीस चांगले मिळाले की मॅट कागदावर छापून घे, चकचकीत कागदावर दिवा परावर्तित होतो. या खांबापासून त्या खांबापर्यंत सुतळी बांध आणि कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लाव. वाचलेले नऊ मूळ फोटो तिथे टांगू नकोस, त्यांच्याही प्रती काढ. ज्या बाईने भिंतीला नाव ठेवलं तिने जमवलेले फोटो त्या भिंतीसमोर लागले की पुढचं मी सांगायला नको.

खाण्याकडे येते. मुंजीला दिवसभर पुऱ्या तळल्यास, म्हणजे मुंजीच्या फोटोंत तू नाहीस. मी पण नसायचे. धाकटीच्या पाचव्या वाढदिवसाला मी एकशे वीस सँडविच केली होती, त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंत माझा फक्त एक कोपर आहे, चटणी लागलेला. तेव्हा नियम असा ठेव: घरात गॅस पेटेल तो दुपारी दोनपर्यंत. नंतर फक्त चहा. गरम हवं ते बाहेरून, गार चालतं ते घरचं.

घरचं म्हणजे आधी भडंग. सांगलीत राहून पार्टीला वेफर्स ठेवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. चाळीस जणांना एक किलो चुरमुरे पुरतात, उरतात सुद्धा. दुकानात "भडंगाचे द्या" म्हणून सांग, ते जाड आणि टपोरे असतात, भेळेचे नकोत. चाळून घे, रेती निघते. शुक्रवारी दुपारी कडक उन्हात दोन तास ठेव, चिमटीत घेऊन दाबला की चुर्र झाला पाहिजे. मग मोठ्या कढईत दोन वाट्या तेल. आधी चारशे ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर, साल तडकून रंग बदलेपर्यंत तळून काढ. मग पावशेर डाळं, नुसतं पाव मिनिट. मग चार-पाच काड्या कढीपत्ता, तो धुतला असलास तर पंख्याखाली पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर तेल अंगावर येतं आणि भडंगही सादळतं. शेवटी लसूण. दोन मोठे गड्डे, पाकळ्या सालासकट ठेचायच्या, सोलत बसू नकोस, साल कुरकुरीत होतं आणि खमंगपणा त्यातच असतो. लसूण सोनेरी झाला की गॅस बंद. लक्षात ठेव, बंद. त्यात हिंग, चमचाभर हळद (आपल्या बाजारातली राजापुरी असली तर रंग बघत राहशील), दहा आकडे मोज आणि मग लाल तिखट. पेटत्या गॅसवर तिखट पडलं की काळं होतं, खोकला येतो आणि सगळी कढई कडवट. मीठ, चार चमचे पिठीसाखर, तळलेलं सगळं परत तेलात, आणि हे गरम गरम चुरमुऱ्यांवर ओतून दोन्ही हातांनी खालवर कर. मोठ्या परातीत किंवा स्वच्छ चादरीवर कर, पातेल्यात खालचे कोरडे राहतात. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस. कोमट असताना झाकण लावलं की दुसऱ्या दिवशी ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं.

वाढायची युक्ती अशी. मोठ्या पितळी पातेल्यात भडंग, त्याच्या बाजूला पाच वाडगे: बारीक कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी आणि ओला हरभरा सोललेला. फेब्रुवारीत सोलाणे भरपूर असतात. ज्याने त्याने आपलं कालवून घ्यायचं. तू आधी कालवून ठेवलंस तर दहा मिनिटांत लगदा. आणि माणसं कालवता कालवता बोलतात, ओळख नसलेली सुद्धा, हा त्यातला फायदा.

दुसरी दहीबुत्ती. पुण्याच्या मंडळींना ती "दहीभात" वाटेल, वाटू दे. एक किलो तांदूळ, मऊ शिजणारा कुठलाही, अकरा वाजता नेहमीपेक्षा जास्त पाणी घालून शिजव आणि गरम असतानाच डावाने घोट. त्यात दीड लिटर तापवून कोमट केलेलं दूध. सगळं कोमट झालं की अर्धी वाटी दही लाव आणि झाकून ठेव. फेब्रुवारीची आपली दुपार, पाच वाजेपर्यंत भातातच दही लागतं, आंबट न होता. वाढायच्या आधी किलोभर गार ताजं दही आणि मीठ घाल. भात तोवर दूध पिऊन घट्ट होतो, म्हणून आणखी अर्धा लिटर दूध बाजूला ठेवलेलं असू दे. फोडणी तुपाची: मोहरी, उडीद डाळ, हिंग, कढीपत्ता, आणि तळून चुरलेली सांडगी मिरची वरून. मग अर्धी कापलेली द्राक्षं आणि आटपाडीच्या बाजूचं डाळिंब मिळालं तर दाणे. वाट्या स्टीलच्या, भाड्याने मिळतात, द्रोणातून बुत्ती गळते.

गरम म्हणून बटाटेवडे, बाहेरून. गल्लीच्या तोंडाशी जो कुणी करतो त्यालाच सांग, पण लिंबाएवढे छोटे करायला सांग आणि साडेपाचला पोच. माणशी तीन धर. आले की डब्याचं झाकण अर्धवट ठेव, वाफेने मऊ पडतात. नवऱ्याला "बाहेरून मागवू" म्हणायचंच होतं ना, मग वड्यांची सगळी जबाबदारी त्याची. चटणीसकट. त्याने विसरलं तर तूही काही बोलू नकोस, भडंगाने भागेल.

गोडाला द्राक्षं आणि केक. तासगाव-मिरजेचा हंगाम ऐन भरात असतो, चार किलो घे. घडावरून मणी सोडव, मिठाच्या पाण्यात धुऊन फडक्यावर कोरडे कर, निम्मे ताटात पसरून दुपारी फ्रीझरमध्ये ठेव. चार-पाच तासांत बर्फाच्या गोळ्या होतात, मुलं आइस्क्रीम विसरतात. वयस्कर मंडळींना साधीच दे, दातांचा प्रश्न असतो. पाच वर्षांखालच्या पोरांना कुठलीही द्राक्षं उभी चिरूनच दे, अख्खी घशात अडकतात. उसाचा रस आणायचं कुणी सुचवेल, फेब्रुवारी आहे, गुऱ्हाळं चालू आहेत. चारला आणलेला रस सहाला काळा पडतो. लिंबाचं सरबत कर आणि मोकळी हो.

सासूबाईंचं "काही करू नका" हे मी माझ्या सासूकडून, आईकडून, हल्ली स्वतःच्या तोंडूनही ऐकते. "काय करू?" असं विचारलं की हेच उत्तर येतं. तू वेगळं विचार: "आई, बोलवायचं कुणी राहिलंय का?" मग बघ. पुराच्या वेळी ज्यांच्या माडीवर चार रात्री काढल्या त्या काकू, शाळेतली एखादी मैत्रीण जिचा नंबर कुणाकडेच नाही, अशी एक-दोन नावं निघतील. ती माणसं आणण्यात वेळ घाल, कमानीचा वाचलेला आहेच.

राहिलं ओवाळणं. केकवर मेणबत्ती विझवणं त्यांना रुचणार नाही, तेव्हा केक नुसता कापू देत. आधी पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळा. कणकेचे दिवे रविवारी सकाळी कर, कणीक घट्ट आणि चिमूटभर हळद घालून, अंगठ्याने खळगा. फुलवाती तुपात बुडवून आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये थिजवून ठेव, आयत्या वेळी दिव्यात बसवायच्या एवढंच. ज्या घरात तूप आयत्या वेळी ओततात तिथे शेवटचा दिवा लागेपर्यंत पहिला विझलेला असतो. सगळ्यात मोठी परात घे, तळाला तांदळाचा जाड थर, म्हणजे चटका लागत नाही आणि दिवे सरकत नाहीत. दिव्यांत दोन बोटांचं अंतर ठेव, चिकटून लावले की एकमेकांच्या आचेने तूप पातळ होऊन भडकतात. एका परातीत मावले नाहीत तर दोन कर. मधले आधी पेटव, कडेचे नंतर, आणि दोघींनी दोन बाजूंनी पेटवा. पदर खोचलेला, केस बांधलेले, जवळ ओलं फडकं. थोरल्या दोन नातवांना झोपाळ्याच्या दोन्ही कड्या धरून उभं कर, तो हलता कामा नये. तांदूळ आणि दिवे मिळून परात चांगली जड होते, एकटीला पेलत नाही. एका बाजूने तू धर, दुसऱ्या बाजूने वन्संना धरू दे. आणि उचलायच्या आधी पंखा बंद करायला कुणालातरी बटणापाशी उभं कर.